विज्ञान कळत नसताना प्रयोगशाळेच्या समितीत बसावे का?

प्रश्न : मी एका बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता एका संशोधन संस्थेने तिच्या जैवसुरक्षा समितीवर ‘संस्थेबाहेरील सदस्य’ म्हणून येता का, असे मला विचारले आहे. नव्याने रचलेली जनुके यीस्टमध्ये आणि जीवाणूंमध्ये घालण्याचे काम तेथे चालते आणि त्याला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात, एवढे मला समजले आहे. माझे विज्ञान शाळेबरोबरच संपले. भाचा म्हणतो, ‘मावशी, तुझे इन्सुलिन याच विद्येमुळे मिळते, डोळे झाकून हो म्हण.’ थोरली बहीण म्हणते, ‘उद्या तिथून काही बाहेर पडले तर कागदावर सही तुझी असेल.’ मी स्वतः वाचायला बसले, तर एका लेखात मलेरिया संपणार होता आणि दुसऱ्यात आरशातले जीव जगच संपवणार होते. यातले खरे काय मानावे? आणि मी तिथे केवळ शोभेपुरती बसणार असेन, तर जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सर्वांत शेवटी, जरा संकोचानेच विचारलेला प्रश्न मला पत्रातला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो. विज्ञान न शिकलेल्या माणसाने अशा समितीत बसून काय साधते, याचा एक चांगला दाखला सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. १९७६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठाला एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात घालण्याच्या प्रयोगांसाठी विशेष प्रयोगशाळा उभारायची होती. शास्त्रज्ञांमध्येच त्यावरून दुफळी पडली, महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी जाहीर सुनावणी बोलावली, आणि नगरपरिषदेने अधिक जोखमीचे प्रयोग काही महिने थांबवायला सांगून विचार करण्यासाठी नागरिकांची समिती नेमली. त्या समितीत एक डॉक्टर होते, परिचारिका होत्या, एक स्थापत्य अभियंता होते, आणि अध्यक्षपदी घरे ऊबदार ठेवण्यासाठी लागणाऱ्या तेलाचे व्यापारी होते. रेणवीय जीवशास्त्राचा अभ्यासक मात्र एकही नव्हता. या मंडळींनी कित्येक बैठका घेतल्या, दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना समोरासमोर बसवून त्यांचे म्हणणे ताडून पाहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये असा अहवाल दिला की प्रयोग होऊ द्यावेत, पण राष्ट्रीय नियमांखेरीज शहराच्या स्वतःच्या काही जादा अटींवर. पुढच्याच महिन्यात त्याचा शहरापुरता कायदा झाला. तेच केंब्रिज पुढे जैवतंत्रज्ञान कंपन्यांचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले, हेही मुद्दाम सांगून ठेवतो, कारण फार चौकशा केल्या की संशोधन दुसरीकडे निघून जाते, असे तुम्हाला पहिल्याच बैठकीत कोणीतरी ऐकवण्याची बरीच शक्यता आहे.

तेव्हा अधिकाराची शंका मनातून काढून टाका. अमेरिकेच्या नियमांनुसार अशा समितीत किमान पाच सदस्य लागतात आणि त्यांपैकी किमान दोघे संस्थेशी काहीही संबंध नसलेले असावे लागतात. बाहेरच्या माणसाची ही जागा कोणाच्या मेहेरबानीने निर्माण झालेली नाही.

आता भाच्याचे म्हणणे. ते खरे आहे, पण अर्धेच. तुम्ही टोचून घेता ते इन्सुलिन पूर्वी डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागत असे. १९७८ साली मानवी इन्सुलिनची जनुके प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवून ई. कोलाय या जीवाणूत बसवण्यात आली, आणि १९८२ साली या पद्धतीने बनवलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. याच्याही पुढची एक गोष्ट तुमच्या भाच्याला बहुधा ठाऊक नसेल. शरीरात टोचायच्या औषधांत जीवाणूंचे विषारी अवशेष राहिलेले नाहीत ना, हे तपासण्यासाठी कित्येक दशके हॉर्सशू क्रॅब या निळ्या रक्ताच्या समुद्री जीवाचे रक्त वापरले जात आले आहे. हे प्राणी पकडायचे, रक्त काढून घ्यायचे आणि पुन्हा समुद्रात सोडायचे, आणि त्यांतले काही मरायचेच. त्या रक्तातला नेमका कामाचा घटक जनुकाच्या आधारे पेशींकडून बनवून घेण्याची युक्ती सिंगापूरमधील संशोधकांनी १९९०च्या दशकात शोधली, आणि औषधांच्या मानकांमध्ये तिला हळूहळू स्थान मिळत आहे. या विद्येचे मला आवडणारे रूप हे आहे. गाजावाजा न करता ती एखाद्या प्राण्याच्या मानेवरची सुरी बाजूला करते.

इन्सुलिनच्या काळात या विद्येला जनुक अभियांत्रिकी म्हणत. सिंथेटिक बायोलॉजी तिचीच धाकटी बहीण, पण महत्त्वाकांक्षेने थोरली. एखादे तयार जनुक इकडून तिकडे नेण्यावर तिचे समाधान होत नाही. वीजमंडल जुळवावे तशी जनुकांची मंडले जुळवावीत, पेशीने कधी काय बनवायचे आणि कधी थांबायचे हे आधी कागदावर आखावे, आणि जमल्यास आख्खा जनुकसंच नव्याने लिहून काढावा, असा तिचा हिशेब आहे. २०१० साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने सुमारे दहा लाख ऐंशी हजार अक्षरांचा (डीएनए या जनुकांच्या रेणूतील चार रासायनिक घटक म्हणजे ही अक्षरे) एका जीवाणूचा जनुकसंच रसायनांपासून जुळवून दुसऱ्या जातीच्या जीवाणूच्या पेशीत घातला आणि ती पेशी त्या नव्या आज्ञांवर वाढू लागली. (त्या जनुकसंचात खूण म्हणून काही वचने सांकेतिक लिपीत गुंफली होती, त्यांतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचे वचन चुकीचे उतरवले गेले होते आणि पुढे दुरुस्त करावे लागले. मुद्रितशोधन सजीवांनाही लागते.) त्याच गटाने २०१६ साली जगण्यासाठी अगदी आवश्यक तेवढीच जनुके ठेवून आणखी लहान जीवाणू घडवला. त्यात ४७३ जनुके होती, आणि त्यांपैकी १४९ जनुके नेमके काय काम करतात हे ती रचणाऱ्यांनाच माहीत नव्हते. ही संख्या लक्षात असू द्या. जीवशास्त्र आता अभियांत्रिकीसारखे पक्के झाले आहे असे कोणी बैठकीत छातीठोकपणे म्हणाले, तर जवळजवळ एक तृतीयांश सुटे भाग कशासाठी आहेत हे माहीत नसताना चालणारे दुसरे कोणते यंत्र त्यांनी पाहिले आहे, असे शांतपणे विचारता येईल.

प्रत्यक्षात हे काम दिसते कसे, तेही सांगतो, कारण बातम्यांतील चित्रांमुळे भलत्याच कल्पना होतात. संशोधक संगणकावर अक्षरांची एक लांबलचक ओळ तयार करतो आणि ती डीएनए बनवून देणाऱ्या कंपनीकडे पाठवतो. काही दिवसांनी कुरिअरने एक पाकीट येते आणि त्यात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी असते. नळी रिकामी दिसते. मागवलेला डीएनए तळाशी वाळलेल्या अवस्थेत असतो, तो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. झाकण उघडताना तो उडून जाऊ नये म्हणून नळी आधी यंत्रात गरगर फिरवून घ्यायची आणि मग त्यात पाण्याचे काही थेंब टाकायचे. मी प्रयोगशाळेत उमेदवारी करत असताना पहिल्यांदा अशी नळी हातात आली, तेव्हा रिकामीच पाठवली असे समजून कंपनीला तक्रारीचे पत्र लिहायला बसलो होतो.

त्या न दिसणाऱ्या कणांत आशा आणि भीती दोन्ही एकाच कारणाने आहेत, आणि ते कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. तो डीएनए एकदा पेशीत स्थिरावला की पुढच्या प्रती काढायला कारागीर लागत नाही, पेशीच त्या काढते. पोषक द्रव आणि ऊब मिळाली तर ई. कोलायची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. हे चक्रवाढ व्याज आहे. औषध स्वस्त होते ते त्याच्यामुळे आणि चूक महाग पडते तीही त्याच्यामुळे. म्हणून ‘हे शास्त्र चांगले की वाईट’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. समोर आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला विचारण्याजोगा प्रश्न असा की, घडवलेला हा जीव बंद टाकीतच राहणार आहे की बाहेर मोकळ्या जगात जाणार आहे, आणि गेला तर त्याला परत बोलावता येईल का.

तुमच्या समितीपुढे येणारे बहुतेक प्रस्ताव टाकीतले असतील. यीस्टकडून एखादे औषध, सुगंध किंवा विकर (एन्झाइम) बनवून घ्यायचे, काम झाल्यावर सगळे उच्च दाबाच्या वाफेत मारून टाकायचे. येथे बहुधा असे होते की, प्रयोगशाळेत लाडावलेला जीव बाहेरच्या खडतर जगात टिकतच नाही. शिवाय त्याला मुद्दाम परावलंबीही करता येते. २०१५ साली हार्वर्ड आणि येल येथील दोन गटांनी ई. कोलायची भाषाच अशी बदलली की निसर्गात न सापडणारे एक अमिनो आम्ल (प्रथिने ज्यांची बनतात तो घटक) हाताने घातल्याखेरीज तो जगूच शकणार नाही. दोरीला बांधलेला हा जीव मला पुष्कळ धीर देतो. तरीही टाकीतल्या कामात धोकाच नसतो असे समजू नका, कारण तो दुसऱ्याच दाराने येऊ शकतो, आणि त्या दाराकडे शास्त्रज्ञांचे सहसा लक्ष नसते.

आर्टेमिसिनिनचे उदाहरण येथे सविस्तर सांगायला हवे. मलेरियावरचे हे औषध आर्टेमिसिया अॅनुआ या झुडपाच्या पानांतून मिळते. त्याच्या शोधाबद्दल चीनच्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळाले. हे झुडूप चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील हजारो छोटे शेतकरी लावतात. पीक कधी कमी येई, भाव कधी आकाशाला भिडत, तर कधी कोसळत, आणि औषधाचा पुरवठा त्याबरोबर हेलकावे खाई. म्हणून कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टच्या पेशीत नवी जनुकमालिका बसवून या औषधाच्या आधीचे आम्ल बनवण्याचा चंग बांधला. २००४ साली गेट्स फाउंडेशनने त्यासाठी ४ कोटी २६ लाख डॉलर दिले, २००६ साली यीस्टने ते आम्ल थोडेसे बनवून दाखवले, २०१३ पर्यंत एका लिटरमागे २५ ग्रॅम एवढी मजल गेली, आणि त्याच वर्षी सनोफी या औषध कंपनीने कारखान्यात उत्पादन सुरू केले. या नव्या विद्येचा हा पहिला मोठा विजय म्हणून त्याचा सगळीकडे उल्लेख होत असे. दुसरीकडे, शेतकऱ्यांच्या तोंडचा घास यीस्ट हिरावून घेणार, अशी रास्त भीती काही संघटना व्यक्त करत होत्या.

झाले ते या दोन्हींहून निराळे. लागवड वाढल्याने झुडपापासून मिळणाऱ्या आर्टेमिसिनिनचा भाव किलोला २५० डॉलरच्या खाली उतरला. यीस्टपासूनचे मात्र ३५० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग पडत होते. २०१५ साली त्या कारखान्यात ते मुळीच बनवले गेले नाही आणि पुढे कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. शेतकऱ्यांचे पीक टिकले, पण तोवर काही वर्षे पुढच्या हंगामात लावायचे की नाही या घोरात गेलीच. या संशोधनातून निघालेली अमायरिस ही कंपनी पुढे साखरेपासून इंधन बनवण्याच्या वाटेने गेली, मग सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांकडे वळली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. विज्ञान येथे कुठेही चुकले नव्हते. यीस्टने सांगितलेले काम चोख केले. चुकला तो भाव आणि मागणीचा अंदाज, आणि तो चुकेल अशी शंका काढायला जनुकशास्त्राची पदवी लागत नव्हती. प्रस्तावात ‘या शोधामुळे अमुक गरिबांना स्वस्त औषध मिळेल’ असे वाक्य आले की कशाच्या तुलनेत स्वस्त, कोणाच्या उत्पन्नाच्या बदल्यात, आणि स्वामित्वहक्क कोणाकडे, हे तुम्ही विचाराल अशी मला आशा आहे. सिकलसेलसारख्या वेदनादायी आजारावरचा जनुक-संपादनाचा पहिला उपचार डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाला, तेव्हा त्याची जाहीर किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर होती. औषध शोधले जाणे आणि औषध मिळणे यांतले अंतर एवढे असू शकते.

टाकीबाहेरच्या कामाचे तुमच्या वाचनात आलेले उदाहरण म्हणजे मलेरियाचे डास. साधे जनुक आईबापांकडून निम्म्या संततीत उतरते. ‘जीन ड्राइव्ह’ नावाच्या रचनेत ते जवळजवळ सगळ्या संततीत उतरते आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाते. २०१८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने अशी रचना मलेरिया पसरवणाऱ्या डासांत घातली, तेव्हा पिंजऱ्यातली त्यांची संख्या ७ ते ११ पिढ्यांत शून्यावर आली. हे डास अजून मोकळ्या हवेत सोडलेले नाहीत. येथे परत बोलावण्याची सोय जवळपास नाही, डास देशांच्या सीमा मानत नाहीत, आणि एका गावाने दिलेली संमती शेजारच्या देशाला बांधत नाही. असे असूनही मी या संशोधनाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. मलेरियाने दर वर्षी सुमारे सहा लाख माणसे मरतात आणि त्यांत बहुतांश आफ्रिकेतली पाच वर्षांखालील मुले असतात. काहीच न करण्याचीही किंमत असते आणि ती आपण भरत नाही, ती मुले भरतात. पण लोकांचा विश्वास या कामात यंत्रसामग्रीइतकाच आवश्यक आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये संशोधकांनी वर्षानुवर्षे गावांशी बोलून जनुके बदललेले डास सोडले, त्यांत जीन ड्राइव्ह नव्हतेही, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने तो प्रकल्प थांबवला. तुमच्या संस्थेत असा प्रस्ताव येण्याचा संभव कमी आहे. आला तर एका संस्थेच्या समितीचा तो विषयच नाही, असे म्हणायला कचरू नका.

बहिणीच्या भीतीचे दोन भाग आहेत. एक, कोणी मुद्दाम घातक जीव बनवील; दोन, चुकून काहीतरी बाहेर पडेल.

मुद्दाम करण्याच्या शक्यतेला इतिहास आहे. २००२ साली न्यूयॉर्क राज्यातील एकार्ड विमर यांच्या गटाने पोलिओचा सुमारे साडेसात हजार अक्षरांचा विषाणू विकत मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांपासून जुळवून दाखवला. २०१७ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातून बातमी आली की देवीच्या विषाणूचा नातलग असलेला घोड्यांच्या देवीचा विषाणू तेथे अशाच मागवलेल्या तुकड्यांपासून, सुमारे एक लाख डॉलर खर्चात, जिवंत करण्यात आला आहे. देवीचे उच्चाटन १९८० साली जाहीर झालेले असताना ही वाट खुली असल्याचे जगाला दाखवणे शहाणपणाचे होते का, यावर वाद झाला. माझ्या मते ते नव्हते. पण यावरून कोणीही स्वयंपाकघरात साथ तयार करील असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. जपानमधील ओम शिनरिक्यो या पंथाकडे १९९०च्या दशकात अमाप पैसा होता, शिकलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचा जीवाणू फवारूनही पाहिला, तो लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी वाणाचा निघाला, आणि शेवटी १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्यांनी वापरले ते रासायनिक विष. हाताचे कसब कागदावर उतरत नाही. चिंता आहे ती अशी की ते कसब लागण्याचे प्रमाण दरवर्षी कमी होत चालले आहे आणि संगणक त्याला हातभार लावत आहे.

या वाटेवरचा सर्वांत उपयोगी पहारेकरी म्हणजे डीएनए बनवून देणारी कंपनी. आलेली मागणी कोणाची आहे आणि तिची अक्षरे एखाद्या घातक जीवाशी जुळतात का, हे तपासण्यासाठी अशा काही कंपन्यांनी २००९ साली संघ स्थापन केला. ही तपासणी अजूनही बऱ्याच ठिकाणी स्वखुशीची आहे, सगळ्या कंपन्या ती करत नाहीत, आणि ती अभेद्यही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की संगणकाने रूप बदललेल्या विषारी प्रथिनांचे आराखडे अशा चाळण्यांतून निसटू शकतात. त्यांनी आधी कंपन्यांना कळवून बरीचशी भोके बुजवली आणि मगच ते छापले, ही पद्धत मला अनुकरणीय वाटते. तुमच्या हातात येथे एक साधी गोष्ट आहे. संस्था डीएनए कोणाकडून मागवते आणि तो पुरवठादार ही तपासणी करतो का, हे खरेदी विभागाला विचारा. पुरवठादारांची यादी तपासणे तुम्हाला नवे नाही.

आरशातल्या जीवांबद्दल थोडक्यात सांगतो. सजीवांची प्रथिने एका विशिष्ट हाताच्या घडणीच्या रेणूंची असतात. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही, तशी त्यांची उलट प्रतिमा आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेला बहुधा ओळखताच येणार नाही. संपूर्ण उलट घडणीचा जीवाणू कोणी बनवलाच, तर त्याला आवरणे अशक्य होऊ शकेल, असा इशारा डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातून ३८ शास्त्रज्ञांनी दिला. असा जीव आज अस्तित्वात नाही आणि तो बनवायला किमान दहा वर्षे लागतील, असा त्यांचाच अंदाज आहे. या बातमीने तुमची झोप उडाली असेल, मला मात्र तिने धीर दिला. कारण इशारा देणाऱ्यांत याच दिशेने काम करत आलेले संशोधकही होते आणि त्यांनी वस्तू हातात येण्यापूर्वीच थांबायचे ठरवले.

आता चुकून घडणाऱ्या गोष्टी. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क येथील लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारी साठाहून अधिक माणसे दगावली. सरकारने दूषित मांसाचे कारण पुढे केले. खरे कारण १९९२ साली मान्य झाले. हा जुन्या पद्धतीचा जीवाणू होता, सिंथेटिक बायोलॉजीशी त्याचा संबंध नव्हता, आणि काम उघडउघड शस्त्रांचे, म्हणजे १९७५ साली अमलात आलेला जैविक शस्त्रबंदीचा करार मोडणारे होते. तरी ही घटना मी तुमच्यासाठी राखून ठेवली होती, आणि ती का, हे केन अलिबेक या त्या कार्यक्रमातील माजी वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे दिलेल्या हकिगतीवरून कळेल. वाळवणी यंत्राच्या धुराड्यावरची चोंदलेली गाळणी एका कामगाराने काढली आणि तशी चिठ्ठी लिहून ठेवली. पाळी बदलताना वरिष्ठाने ती गोष्ट नोंदवहीत उतरवली नाही. पुढच्या पाळीच्या प्रमुखाने नोंदवही पाहिली, तीत काही वावगे दिसले नाही, आणि त्याने यंत्र सुरू करायला सांगितले.

नोंदवहीत न आलेली नोंद कशी शोधायची, हे तुम्ही आयुष्यभर केले आहे. प्रयोगशाळेत वापरलेले सगळे जीव ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने मारतात. त्या यंत्राची वही असते, प्रत्येक खेपेला तापमान, वेळ आणि सही. एका संस्थेच्या समितीत मी काही काळ होतो, तेथे बाहेरून आलेल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी ही वही चाळता चाळता विचारले की मधल्या तीन आठवड्यांत एकच सही एकाच शाईने, एकाच तिरकसपणाने कशी. यंत्र बंद होते, कचरा शेजारच्या विभागात नेला जात होता, आणि वही नंतर एका बैठकीत ‘पूर्ण’ केली होती. अपाय काही झाला नव्हता. पण आम्ही सहा शास्त्रज्ञ प्रस्तावातल्या जनुकांवर तासभर बोललो होतो आणि वही कोणीही उघडली नव्हती.

सहीबद्दल बहीण म्हणते ते हसण्यावारी नेऊ नका. होकार देण्यापूर्वी सदस्यांची कायदेशीर जबाबदारी कोठवर आहे आणि संस्था तिचे संरक्षण करते का, हे लेखी मागवा. कोठल्याही प्रस्तावावर असहमतीचा शेरा कारणांसह इतिवृत्तात नोंदवता येईल, हेही लेखी असू द्या. प्रस्ताव बैठकीच्या किती दिवस आधी मिळतील ते विचारा, कारण आदल्या रात्री आलेल्या चाळीस पानांवर दिलेली संमती ही संमती नव्हे. सोप्या भाषेतला एक पानाचा सारांश प्रत्येक प्रस्तावासोबत हवा असा आग्रह धरा. ज्या संशोधकाला आपले काम तुम्हाला समजावता येत नाही, त्याने धोक्याचा विचार पुरेसा केला आहे की नाही याची मला शंका येते. तासाभराच्या बैठकीत प्रयोगाचे सगळे बारकावे तुम्हाला कळणार नाहीत, आणि कळले असे दाखवूही नका.

एवढे करूनही तुमची समिती जगातल्या वाईट हेतूंना अडवू शकणार नाही. ती एका इमारतीपुरती आहे. त्या इमारतीत ती खरोखर काम करते की नाही, हे जाण्यापूर्वीच पाहता येईल. अमेरिकेत अशा समित्यांची इतिवृत्ते मागणाऱ्या कोणालाही द्यावी लागतात. तुमच्याकडे नियम काही असो, सदस्य होऊ घातलेल्या व्यक्तीला ती नाकारण्याचे सयुक्तिक कारण मला सुचत नाही. मागील दोन वर्षांची मागवा. किती प्रस्ताव आले, किती बदलून परत पाठवले, प्रश्न कोणी विचारले आणि उत्तरे नोंदली गेली का, एवढेच पाहा. प्रत्येक प्रस्ताव पहिल्याच बैठकीत चर्चेविना मंजूर झालेला दिसला, तर बाहेरच्या सदस्याची तेथे खरी गरज आहे, तेव्हा जरूर जा. इतिवृत्ते द्यायलाच टाळाटाळ झाली, तर बहिणीचे ऐका.